खुर्ची मिळाली, शाळा गेली

एका तालुक्याच्या गावची गोष्ट आहे. गावाचं नाव घेत नाही. घेतलं तर त्या गावची माणसं भांडायला येतील आणि बाकीची गावं सुटतील. मला कुणालाच सोडायचं नाही.

ही गोष्ट मला तात्यांनी सांगितली. तात्या तेव्हा तरणे होते, सतरंज्या अंथरायचे, भोंगा बांधायचे. पालिकेची निवडणूक महिन्यावर आलेली. बौद्धवाड्यात एकाच रात्री तीन बैठका. एक समाजमंदिरात, एक पिठाच्या गिरणीपुढं, एक पुढाऱ्याच्या ओट्यावर. तिन्हीकडं बाबासाहेबांचा फोटो, तिन्हीकडं हार, आणि हार पण एकाच फुलवाल्याचे. तिन्हीकडं शेवटी जयभीम. विषयही एकच. यंदा स्कूल बोर्डावर माणूस कुणाचा जाणार?

झालं होतं असं. सत्ताधारी पक्षाच्या माणसानं तिन्ही गटांना गुपचूप वेगवेगळा निरोप धाडला होता. "वॉर्डात उभं राहू नका. आम्हाला मदत करा. निवडणूक झाली की तुमचा एक माणूस बोर्डावर घेतो." प्रत्येक गटाला वाटलं, निरोप फक्त आपल्यालाच आलाय. मग एकानं दुसऱ्याला दलाल म्हटलं, दुसऱ्यानं तिसऱ्याला. दोन गटांनी अर्ज मागं घेतले. तिसरा ईर्ष्येनं उभा राहिला आणि पडला. निवडणूक झाली. बोर्डावर आपलाच एक माणूस गेला, पण तो चौथा! या तिघांतल्या कुणाच्याच बैठकीत तो कधी बसलेला नव्हता. पक्षाच्या पुढाऱ्याची पिशवी धरायचा.

तात्या म्हणाले, "पोरा, मी त्या रात्री तिन्ही बैठकांत होतो. सतरंज्या माझ्याच होत्या. तीन बैठका मिळून शाळा हा शब्द एकदाही कुणी उच्चारला नाही."

वाड्यात शाळा होती. दोन खोल्या, चार वर्ग, एक मास्तर. पावसाळ्यात एक खोली गळायची. पुढं काही वर्षांनी ती शाळा लांबच्या शाळेत मिसळून टाकली. लहान पोरी हमरस्ता ओलांडून जाईनात, म्हणून घरी बसल्या. तेव्हा बोर्डावर आपला माणूस होता. त्यानं हात वर केला होता. ठरावाच्या बाजूनं.

ही गोष्ट ऐकल्यापासून माझ्या डोक्यात एक प्रश्न बसलाय. ही खुर्ची आली कुठून? कुणी, कशासाठी मागितली होती? म्हणून मिळेल ते वाचत गेलो. जे सापडलं ते तुमच्यापुढं ठेवतो. मी पंडित नाही, चुकलो तर कान धरा.

पहिल्यांदा शाळा. १८५६ साली धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार मुलानं नाव घालायचा अर्ज केला. सरकारी शाळा, सरकारी पैसा. सरकारनं नाही म्हटलं. का? तर हा एकटा आत आला तर बाकीचे सगळे बाहेर जातील. एका मुलाच्या हक्कापेक्षा बाकीच्यांचा विटाळ जड ठरला. बाबासाहेबांनी पुढं हे प्रकरण सरकारच्याच दप्तरातून काढून सरकारपुढं ठेवलं. या पोराचं नाव आपल्याला ठाऊक नाही. पण आपला पहिला उमेदवार तो. त्यानं खुर्ची मागितली नव्हती, बसायला जमीन मागितली होती.

जोतीराव फुले १८७६ ते १८८२ पुणे नगरपालिकेचे सभासद होते. हे आपण भाषणात सांगत नाही, कारण आपल्याला फक्त पगडीचे जोतीराव माहीत. पालिकेत बसलेला हाच माणूस १८८२ साली हंटर आयोगापुढं निवेदन देतो. त्यात काय मागतो? बारा वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा. मास्तर शेतकऱ्या-कष्टकऱ्यांतले तयार करा, जे आमच्या पोरांत मिसळतील. वरच्यांच्या कॉलेजावर खर्च होतो तो पैसा आमच्या घामाचा आहे. यात स्वतःसाठी एक ओळ नाही.

आता स्कूल बोर्ड. आधी प्राथमिक शाळा सरकारच्या शिक्षण खात्याच्या मुठीत होत्या. १९१८ साली विठ्ठलभाई पटेलांच्या कायद्यानं मुंबई इलाख्यातल्या पालिकांना सक्तीचं शिक्षण सुरू करायची मुभा दिली. मग १९२३ चा प्राथमिक शिक्षण कायदा आला आणि शाळांचा कारभार पालिका आणि जिल्हा लोकल बोर्डांच्या हाती गेला. त्यासाठी स्कूल बोर्डं निघाली. शाळा कुठं काढायची, मास्तर कुठं पाठवायचा, कुठली इमारत दुरुस्त करायची, हे सगळं गावच्या पुढाऱ्यांच्या हातात आलं. कागदावर ही लोकशाही. पण गावात सत्ता कुणाची होती? ज्यांच्या विहिरीवर आपल्याला पाणी भरता येत नव्हतं त्यांची.

याच १९२३ साली ४ ऑगस्टला सी. के. बोल्यांनी मुंबई कायदे कौन्सिलात ठराव पास करून घेतला. सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, कचेऱ्या, दवाखाने अस्पृश्यांना खुले. महाडच्या नगरपालिकेनं १९२४ साली तो ठराव मानला आणि चवदार तळं खुलं केलं. सुरेंद्रनाथ टिपणीस अध्यक्ष होते. माणूस भला होता. ठराव चांगला होता. पण तळ्यावर तीन वर्षं कुणी गेलं नाही. जायची सोय नव्हती. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब माणसं घेऊन गेले, ओंजळीनं पाणी प्याले, तेव्हा ठराव जिवंत झाला. आणि लगेच त्याच पालिकेनं ४ ऑगस्ट १९२७ ला आपला ठराव मागं घेतला! तारीख बघा, बोले ठरावाला बरोबर चार वर्षं झाली त्या दिवशी. डिसेंबरात मनुस्मृती जळाली. कोर्टकचेरी चालली ती १९३७ पर्यंत, तेव्हा हायकोर्टात आपला जय झाला.

महाडनं एक गोष्ट शिकवली. पालिका देते तशी पालिका काढून घेते. आतला ठराव टिकतो तो बाहेर उभ्या असलेल्या माणसांमुळं.

म्हणून मला पुढचं वाचताना नवल वाटलं नाही. १२ मार्च १९२७, म्हणजे महाडच्या आधी आठ दिवस, बाबासाहेब मुंबई कौन्सिलात शिक्षणाच्या पैशावर बोलले. हिशेब मांडला. या चालीनं गेलं तर शाळेच्या वयाची सगळी मुलं शाळेत यायला ४० वर्षं लागतील आणि मुलींना ३०० वर्षं. तीनशे वर्षं! १९२८ साली बहिष्कृत हितकारिणी सभेतर्फे सायमन कमिशनला शिक्षणाबद्दल निवेदन गेलं. त्यात बाबासाहेबांनी काय म्हटलं? प्राथमिक शिक्षणाचा कायदा रद्द करा, शाळा स्कूल बोर्डांच्या ताब्यात देणं थांबवा, नाहीतर आमच्या पोरांचं शिक्षण मागं पडेल.

मित्रांनो, हे दोनदा वाचा. ज्या बोर्डाच्या एका खुर्चीसाठी आपण तीन बैठका भरवल्या, ते बोर्डच नको असं बाबासाहेब म्हणाले होते. त्यांचं लोकशाहीशी वैर नव्हतं. गावच्या हाती कारभार म्हणजे गावच्या जातीच्या हाती कारभार, हे त्यांना दिसत होतं.

मग खुर्ची मागायचीच नाही का? मागायची. पण बसवणारा कोण, हा प्रश्न आधी. हा प्रश्न सुद्धा नवा नाही. १९२० च्या मेअखेर नागपूरला शाहू महाराजांच्या अध्यक्षतेखाली बहिष्कृतांची परिषद भरली. डिप्रेस्ड क्लासेस मिशनचं म्हणणं असं होतं की अस्पृश्यांचे प्रतिनिधी कौन्सिलातल्या निवडून आलेल्या सभासदांनी निवडावेत. म्हणजे सवर्णांनी. बाबासाहेब तिशी न गाठलेला माणूस, विलायतेचं शिक्षण अजून पुरं व्हायचं होतं. ते या म्हणण्याविरुद्ध उभे राहिले आणि परिषदेकडून निषेध करवून घेतला. विठ्ठल रामजी शिंद्यांनी आपल्या पोरांसाठी शाळा काढल्या हे खरं, त्यांचं ऋण मानायचं. पण आमचा माणूस तुम्ही निवडणार, हे मानायचं नाही. तात्यांच्या गावातला तो चौथा माणूस आठवा. नागपूरला जो नाकारला, तोच तिथं बोर्डावर जाऊन बसला.

१९३२ ला हेच भांडण दिल्ली-लंडनपर्यंत गेलं. आपल्यातलेच मद्रासचे एम. सी. राजा, त्यांनी मुंज्यांशी करार केला, संयुक्त मतदारसंघ मान्य केला. बाबासाहेब स्वतंत्र मतदारसंघ मागत होते. आपसातली फूट तेव्हाही होती, कुणी म्हणू नये की ती आपल्याच पिढीत जन्मली. मग गांधींचं उपोषण, आणि २४ सप्टेंबरला पुणे करार. या करारातल्या १४८ जागा सगळ्यांना पाठ आहेत. पण त्यात आणखी दोन कलमं आहेत, ती कुणी सांगत नाही. एक, लोकल बोर्डांच्या, पालिकांच्या निवडणुकीत किंवा सरकारी नोकरीत अस्पृश्य म्हणून कुणाला आडकाठी नाही. दुसरं, प्रत्येक प्रांतानं शिक्षणाच्या पैशातून पुरेशी रक्कम अस्पृश्यांच्या शिक्षणासाठी बाजूला काढायची. ही दोन कलमं शेजारीशेजारी लिहिलीत. पालिकेची खुर्ची आणि शाळेचा पैसा एकमेकांना चिकटून. आपण पहिलं लक्षात ठेवलं आणि दुसरं विसरलो.

याच करारात कायदेमंडळांच्या जागांसाठी एक तऱ्हा होती. आधी फक्त अस्पृश्य मतदार मत देणार आणि चार जणांचं पॅनेल निवडणार. मग त्या चारांतून सगळे मतदार मिळून एक निवडणार. आता गंमत बघा. आपल्यात जो पहिला आला तो, आणि जो चौथा रखडत आला तो, दोघं एकाच रांगेत. वरच्या मतदारांना चौथा आवडला की चौथा निवडून येतो. आपल्यात लोकप्रिय असणं कामाचं नाही, त्यांना चालण्याजोगं असणं कामाचं. स्कूल बोर्डाला हे पॅनेल नव्हतं. पण रीत तीच. पालिकेचे नगरसेवक बोर्डाचे सभासद निवडायचे. नगरसेवकांत बहुमत त्यांचं. आपल्यातला कुठला माणूस घ्यायचा हे ते ठरवणार. अशा बाजारात आपल्यातल्या प्रत्येक हुशार पोराला एकच गोष्ट कळते, की आपल्या माणसांना पटवण्यापेक्षा त्यांच्या पुढाऱ्याला खूष ठेवणं सोपं. आपण म्हणतो आपले पुढारी विकले जातात. जातात. पण बाजार कुणी मांडला हेही बघायला पाहिजे. नाहीतर नुसतं एकमेकाला दलाल म्हणत बसू.

हा बाजार बाबासाहेबांनी अंगावर झेलला. १९५२ ला मुंबईत लोकसभेला काजरोळकर जिंकले, बाबासाहेब पडले. १९५४ ला भंडाऱ्याच्या पोटनिवडणुकीत पुन्हा पडले. राज्यघटना लिहिणारा माणूस राखीव जागेवर पडतो, आणि काँग्रेसचा उमेदवार आपल्याच जातीच्या नावावर निवडून येतो. १९५५ साली शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनच्या कार्यकारिणीनं ठराव केला की राखीव जागा रद्द करा. लोकसभेतल्या, विधानसभेतल्या, आणि लोकल बोर्डातल्या सुद्धा. नोकरी-शिक्षणातल्या सवलतींबद्दल हे नाही, नीट ध्यानात घ्या, विरोधक याचा उलटा अर्थ लावतात. ही गोष्ट त्या राखीव खुर्चीची, जिच्यावर बसणारा आपल्याला जबाबदार नसतो.

६ डिसेंबर १९५६ ला बाबासाहेब गेले. ३ ऑक्टोबर १९५७ ला नागपुरात रिपब्लिकन पक्ष निघाला. दोन वर्षं पुरी व्हायच्या आत, १९५९ ला, फुटला. बी. सी. कांबळ्यांचा गट दुरुस्त, दादासाहेब गायकवाडांचा नादुरुस्त. गाड्यांना म्हणतात तसं माणसांना म्हटलं गेलं. एक म्हणे आमचा मार्ग घटनेचा, दुसरे म्हणे आमचा मार्ग भुकेल्यांचा. मला विचाराल तर दोघांच्याही बोलण्यात खरं होतं. पण गावात ही भांडणं पोचली तेव्हा विचार वाटेतच गळाले होते, नुसती नावं पोचली. अमका दुरुस्त म्हणून तमका नादुरुस्त.

आणि तरी याच फुटलेल्या पक्षानं ६ डिसेंबर १९६४ पासून जमिनीचा सत्याग्रह केला. पडीक जमीन कसणाऱ्याला द्या. बायामाणसं लेकरं काखेत घेऊन तुरुंगात गेली, तुरुंग अपुरे पडले. तेव्हा तुरुंगात कुणी कुणाला गट विचारला नाही. मग १९६७ ला गायकवाड गटानं जिल्हा परिषदांच्या निवडणुकीत काँग्रेसशी युती केली. रस्त्यावर जमीन मागणारा पक्ष आता टेबलावर जागा मागू लागला. त्यानंतर गवई, खोब्रागडे, कांबळे असे गट. याच चिडीतून १९७२ ला पँथर निघाली, आणि पँथर पण १९७४ ला फुटली, १९७७ ला बरखास्त झाली. म्हणजे पुढाऱ्यांना शिव्या देणाऱ्यांनीही वेगळं काही करून दाखवलं नाही. १९९८ ला ऐक्य झालं आणि चार खासदार एकदम दिल्लीत गेले. ऐक्याची ताकद सगळ्यांनी पाहिली. मग पुन्हा चार दिशांना चौघं.

वर असं झालं की खाली तालुक्यात त्याचं पिल्लू होतं. वरच्याला आमदारकी हवी, खालच्याला स्कूल बोर्ड. आणि स्कूल बोर्ड ही सगळ्यात स्वस्त खुर्ची. तिकीट न मिळालेल्या नाराजांची सोय. ज्याला नगरसेवक करता आलं नाही, त्याला शिक्षण मंडळावर टाका. शिक्षण म्हणजे उरल्यासुरल्यांना वाटायची वस्तू. ज्या समाजाला तीनशे वर्षांचा हिशेब सांगितला गेला होता, त्यानं ती वस्तू बक्षीस म्हणून घेतली आणि गुलाल उधळला.

आणखी एक बोललं पाहिजे, आपलंच आहे म्हणून. तात्यांच्या त्या तीन बैठकांत मांगवाड्यातलं कुणी नव्हतं. चर्मकार गल्लीतलं कुणी नव्हतं. बाई तर एकही नव्हती, चहा द्यायला होत्या तेवढ्या. १८५५ साली मातंग समाजातली मुक्ता, जोतीराव-सावित्रीबाईंच्या शाळेतली पोर, ज्ञानोदयात महार-मांगांच्या दुःखाविषयी निबंध छापून आणते. आणि शंभर-सव्वाशे वर्षांनी शाळेवर माणूस ठरवायच्या बैठकीत पोरीची आई भिंतीआड उभी. शाळा बंद झाली तेव्हा घरी बसली ती तिची मुलगी. तिला विचारलं असतं तर तिनं एका वाक्यात सांगितलं असतं, कोण बोर्डावर जातो ते जाऊ द्या, खोली गळायची थांबवा आणि दुसरा मास्तर आणा.

आता ती खुर्ची राहिलेली नाही. २००९ चा शिक्षण हक्काचा कायदा आला, २०१० ला लागू झाला, आणि त्यानंतर आपल्या राज्यातली पालिकांची शिक्षण मंडळं मोडीत निघाली. भांडणारे हळहळले. पण त्याच कायद्यानं प्रत्येक सरकारी शाळेत शाळा व्यवस्थापन समिती आणली. तिच्यात चारातले तीन सभासद पालक पाहिजेत, निम्म्या बाया पाहिजेत, आणि मागासांच्या मुलांच्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा पाहिजे. शाळेचा विकास आराखडा या समितीनं करायचा, अनुदान कुठं गेलं ते बघायचं. १९२३ ला जे बोर्ड गावच्या पुढाऱ्यांना मिळालं, त्याचा एक तुकडा आता कायद्यानं आपल्या आयांच्या हातात आलाय. आणि या समितीसाठी किती बैठका होतात? किती हार लागतात? एकही नाही. कारण तिला गाडी नाही, भत्ता नाही, पेपरात फोटो नाही. बऱ्याच ठिकाणी हेडमास्तर वही घरी पाठवतो आणि आई अंगठा किंवा सही करून परत देते. कशावर सही केली ते तिला कुणी वाचून दाखवत नाही.

म्हणून कार्यकर्त्यांना माझं सांगणं एवढंच. पालिकेची निवडणूक लागली आणि एका जागेला तीन नावं आली, की नावावर बोलायच्या आधी तिघांना एका सतरंजीवर बसवा. बाया पुढं बसू द्या, मांगवाडा-चर्मकार गल्ली बोलावून आणा. आणि विचारा. आपल्या वाड्यातली शाळा किती वाजता उघडते? मास्तर किती आहेत? कुठली पोर घरी बसलीय आणि का? ज्याला याची उत्तरं येत नाहीत तो दुरुस्त असो नादुरुस्त असो, त्याचा अर्ज आपला नाही. आणि ज्याला येतात त्यानंही आधी सांगावं, शाळा बंद करायचा ठराव आला तर हात वर करशील की खाली ठेवशील. सगळ्यांपुढं सांगावं. मग तो गेला आत, तर आपण बाहेर उभं राहायचं, महाडच्या तळ्याकाठी उभे होते तसे.

तात्या आता थकलेत. परवा त्यांना हे लिहिलेलं वाचून दाखवलं. शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाले, "सतरंजी अजून आहे माझ्याकडं. कधी बसताय सांगा, आणून टाकतो."

जयभीम.